साचीची मान

“ही मान कुणी हलवली?”

खर्डेकर सर दारातूनच विचारत आले. हातात प्रिंट काढलेले कागद, आणि चेहरा असा की मान त्यांचीच कुणी पिरगाळली असावी. आम्ही सगळ्यांनी डोकी खाली घालून पेन्सिली चालवायला सुरुवात केली. कोल्हापुरात उद्यमनगरात, एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचा ॲनिमेशन स्टुडिओ होता. खाली लेथ मशीन घुरघुरायची, वर आम्ही जपान्यांची कार्टूनं काढायचो. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली.

“कुठली मान, सर?” मगदूमकाकांनी विचारलं.

“साचीची. सातव्या भागातली. जपानहून मेल आलाय. त्यांच्या दिग्दर्शिका हायाशी मॅडम स्वतः यायला लागल्यात इथं. एका मानेसाठी, विमानानं.” सरांनी कागद टेबलावर आपटले. “कुणी काढली?”

“मी काढलीय,” मी म्हणाले.

सर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “वैजू, तू? तुझ्याकडनं ही अपेक्षा नव्हती.” सहा वर्षांत सरांनी माझ्याकडून काही अपेक्षा ठेवली होती हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

ज्यांना या धंद्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हातानं काढलेल्या कार्टूनमध्ये दोन तऱ्हेची चित्रं असतात. पात्र कुठून निघतं, कुठं पोचतं, चेहऱ्यावर काय भाव येतो, हे ठरवणारी मुख्य चित्रं. ती जपानात निघायची. एका मुख्य चित्रापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला मधे जी पाच-पंचवीस चित्रं लागतात, ती आम्ही काढायचो. मुख्य चित्रकार पात्राला जीव देतो आणि आम्ही मधले लोक त्याला चालवत नेतो. पडद्यावर नाव मुख्य चित्रकाराचं येतं. मधल्यांचं येत नाही, आणि येत नाही हे बघायला शेवटपर्यंत कुणी बसतही नाही.

मला मुख्य चित्रकार व्हायचं होतं. गारगोटीच्या शाळेत चित्रकलेच्या बाईंची जागा मला मिळत होती, ती मी सोडली, कारण खर्डेकर सर म्हणाले होते, “वर्षभरात मुख्य चित्रांचं काम इथं आणतो, पहिली खुर्ची तुझी.” त्यानंतर दर दिवाळीला मिठाईचा पुडा हातात देताना ते “पुढच्या वर्षी नक्की” म्हणायचे. आणि रोज संध्याकाळी, सगळे निघाले की, “वैजू, आज जरा थांबशील ना?” हे ठरलेलं. मी थांबायचे. माझा नवरा गमतीनं म्हणायचा, “तुझं तोंड उजेडात बघून किती दिवस झाले ग?” पहिली दोन वर्षं ती गंमत होती.

आता त्या मालिकेबद्दल. ती मोठ्यांसाठीची होती. कार्टून म्हणजे उंदीर-मांजर, असं समजणाऱ्या माझ्या सासूबाईंना मी ती कधी दाखवली नाही. तोक्योतल्या एका विमा कंपनीचं ऑफिस. तिथं दर भागात कुणातरी कर्मचाऱ्याचं एक स्वप्न मरतं आणि ऑफिस त्याची रीतसर शोकसभा घेतं. कुणाला बासरी शिकायची असते, कुणाला डोंगरात चहाचं दुकान काढायचं असतं. त्या स्वप्नाची छोटी पेटी मीटिंगच्या टेबलावर ठेवायची, पांढरी फुलं वाहायची, साहेबानं दोन शब्द बोलायचे आणि चहा संपायच्या आत सगळ्यांनी जागेवर परतायचं. साची ही त्यातली नायिका. दुसऱ्यांच्या स्वप्नांच्या पेट्यांची आणि फुलांची व्यवस्था तिच्याकडे असायची. सातव्या भागात तिच्या स्वतःच्या स्वप्नाचा नंबर लागला होता.

“दहावं-तेरावं काय दाखवत न्हाईत ह्ये,” मगदूमकाका म्हणायचे. “कावळा शिवल्याबिगर त्या बासरीला मुक्ती कशी मिळायची?”

काका एकेकाळी थिएटरवरचे मोठमोठे पोस्टर रंगवायचे. हिरोचा एक डोळा रंगवायला त्यांना शिडी लागायची. मग फ्लेक्स आला, शिडी गेली, आणि काका आमच्याकडे तपासनीस झाले. आमची चित्रं त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय जपानला जायची नाहीत. काका असं काही बोलले की आम्ही सगळे हसायचो. हसून झालं की जो तो आपापल्या टेबलाकडे बघायचा. आमच्या स्टुडिओत पेट्या मांडायच्या म्हटल्या असत्या तर लेथवाल्यांना खालचा मजला रिकामा करावा लागला असता.

तर सातव्या भागात साचीचा साहेब तिला म्हणतो, “उद्या तुमच्या स्वप्नाची शोकसभा आहे. त्याआधी तेवढे अहवाल संपवाल ना?” साची हो म्हणते. जपान्यांनी घाईत दोनच मुख्य चित्रं पाठवली होती. सुरुवातीला साची सरळ बघते, शेवटी तिचे डोळे खाली जातात. कागदाच्या कडेला इंग्रजीत एवढंच लिहिलेलं, की ती होकार देते. आता आमच्या धंद्यात प्रत्येकाच्या टेबलावर छोटा आरसा असतो. चेहरा काढायचा तर आधी आपण तो करून बघायचा. हाताच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण मानेला लागतो. मी आरशात बघितलं, होकार दिला, आणि जे दिसलं ते काढलं.

काकांनी तपासलं. त्यांना त्यात काही खटकलं नाही. आख्ख्या स्टुडिओत कुणालाच खटकलं नाही. आणि ती फिल्म तोक्योत पडद्यावर लागली तेव्हा दिसलं, की साचीनं जपानी माणसासारखी मान वरून खाली झुकवलेली नव्हती. ती या खांद्याकडून त्या खांद्याकडे डोलवली होती, आपल्याकडे भाजीवाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळे डोलवतात तशी.

संध्याकाळी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज एकदम मऊ झालेला. असा मऊ आवाज आला की मी आधी पदर सावरायचे, कारण पुढं काहीतरी आपल्यालाच उचलायचं असायचं.

“वैजू, हे काम गेलं तर तीस माणसं घरी बसतील. तुला माहीतच आहे.”

“व्हय सर.”

“मॅडम आल्या की कुणावर तरी कारवाई केलेली दिसायला पाहिजे. जपानी माणसं शिस्तीची. तू फक्त उभं राहायचं आणि माफी मागायची. मी सांगणार, हिला कामावरनं काढलं. चार-सहा महिन्यांनी सगळं निवलं की परत घेतो. पुढच्या वर्षी मुख्य चित्रांचं बघूच. समजून घेशील ना?”

मी मान हलवली. सर म्हणाले, “शहाणी आहेस,” आणि मी बाहेर येऊन माझी पेन्सिल, खोडरबर आणि आरसा पिशवीत भरायला लागले. मगदूमकाकांनी विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं.

“म्हंजी तुझी शोकसभा ठरली म्हण की,” काका म्हणाले. हसले मात्र नाहीत.

हायाशी मॅडम येईपर्यंतचे दिवस सरांनी आम्हाला वाकायला शिकवण्यात घालवले. कुठून तरी माहिती काढली होती, की साध्या नमस्काराला थोडं वाकायचं आणि माफीला कमरेत. रोज सकाळी आम्ही रांगेनं वाकायचो. तिसऱ्या दिवशी काका वाकले ते वाकलेच राहिले. त्यांची कंबर धरली होती. सर म्हणाले, “बघा, असं पाहिजे.”

मॅडम आल्या. पन्नाशीच्या, लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांच्याबरोबर पुण्याहून दुभाषी म्हणून गोखलेबाई आल्या होत्या. सरांनी हायाशी मॅडमना दारातच फेटा बांधायला लावला. तो इतका मोठा होता की खाली बाईंचा चेहरा सुपारीएवढा दिसत होता. कुणीतरी तो काढून ठेवायला सुचवलं, तर त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला. मीटिंगभर तो डोक्यावर होता.

सगळे बसल्यावर त्यांनी बोलायच्या आधी ते दृश्य पडद्यावर लावायला सांगितलं. साहेब विचारतो. साची मान डोलवते. डोळे खाली जातात. पुन्हा लावलं. पुन्हा. स्वतःची चूक भिंतीएवढी मोठी होऊन समोर परत परत हलताना बघणं काय असतं, ते मला विचारा. मी भिंतीला टेकून उभी होते आणि आपल्याला कमरेत वाकायचंय हे मनात घोकत होते.

सरांना धीर धरवला नाही. “सॉरी मॅडम. व्हेरी सॉरी. ही मुलगी, हिनं केलं. आम्ही हिला कामावरून काढलंय. वैजू, ये पुढं.”

गोखलेबाईंनी भाषांतर केलं. हायाशी मॅडमनी सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि काहीतरी विचारलं.

“त्या विचारताहेत की, या हालचालीचा तुमच्याकडे नेमका अर्थ काय? होकार की नकार?”

सरांना वाटलं, अर्थ तरी बरोबर निघाला तर थोडं वाचू. “होकार मॅडम. यस. ओन्ली यस. आमच्याकडं याचा दुसरा अर्थच नसतो.”

“तसं काय न्हाई सर,” मागून मगदूमकाका म्हणाले. कंबरेला पट्टा बांधून ते खुर्चीत ताठ बसले होते. “आमची मंडळी अशी मान हलवत्यात तवा त्याचा अर्थ असतो, ऐकलं तुमचं, आता जावा.”

“काका, तुम्ही गप बसा.”

“बसतोय की. उठायला कुठं येतंय.”

गोखलेबाईंनी बहुतेक तेही भाषांतर केलं, कारण फेटा किंचित हलला. मग हायाशी मॅडमनी माझ्याकडे बोट केलं.

“जिनं काढलं तिनं सांगावं, असं त्या म्हणताहेत.”

मी पुढे गेले. वाकायचं ते राहूनच गेलं. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी भीती वाटली नाही. नोकरी गेलेलीच होती. आता आणखी काय नेणार होते? आणि साचीबद्दल कुणीतरी मला विचारत होतं. इतक्या वर्षांत पात्राबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं.

“मला आधी ठाऊक नव्हतं,” मी म्हणाले. “कागदावर होकार लिहिलेला, म्हणून आरशात बघून होकार दिला. पण आता इतक्या वेळा बघितल्यावर कळायलंय. मी रोज संध्याकाळी सरांना असाच होकार देतो. सर विचारतात, थांबशील ना? हो म्हणायचं नसतंय. न्हाई म्हणायची सोय नसतीय. मग तोंड गप बसतंय आणि मान मधल्यामधी हलतीय. ज्याला हो पाहिजे त्याला हो दिसतंय. माझं मला ठाऊक असतंय की मी हो म्हटलेलं न्हाई. परवा सरांनी मला काढतो म्हणून सांगितलं, तवा पण मी हीच मान हलवली. साचीला दुसरं काय करायला येणार? तिला मीच काढलंय.”

आमच्याकडे बायकाही मी करतो, मी जातो असंच म्हणतात. गोखलेबाई पहिल्या वाक्याला जरा अडखळल्या; नंतर मात्र सरळ माझ्याकडे बघत, हळू आवाजात भाषांतर करत राहिल्या. खाली लेथ बंद पडली होती की मलाच ऐकू येत नव्हती, कोण जाणे.

हायाशी मॅडम बराच वेळ बोलल्या. गोखलेबाई त्यांच्या पुणेरी मराठीत एकेक वाक्य खाली ठेवत गेल्या. “त्या म्हणताहेत की, आम्ही हे प्रथम पाहिलं तेव्हा खोलीतले सगळे गप्प झाले. मग सगळे हसले. मग आमच्यातले सर्वांत वयस्कर गृहस्थ बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आम्ही सहा भाग साचीला झुकवत होतो. ती झुकली की गोष्ट तिथंच संपायची. नकार द्यायला तिच्याकडे काही नव्हतं, आणि आमच्याकडेही नाही. या मानेत तिचा नकार शिल्लक आहे. म्हणून पुढचे सगळे भाग आम्ही नव्यानं लिहिले आहेत. साचीची मुख्य चित्रं यापुढे हिनं काढावीत, ही विनंती करायला मी आले.” गोखलेबाई सरांकडे वळल्या. मग म्हणाल्या, “आणि त्या विचारताहेत की, हिला काढून टाकल्याचं हे सद्गृहस्थ म्हणाले, ते का?”

माझे डोळे भरून आले. लपवायचं कारण नव्हतं, मी पदरानं पुसले.

सर मात्र क्षणात सावरले. हा त्यांचा गुण होता, मान्य केलं पाहिजे. “काढलं म्हणजे, तसं नाही मॅडम. जुन्या कामावरनं काढलं. हिच्यासाठी मोठी जागा बघतच होतो मी. वैजू करंल की. मुख्य चित्रं करंल, आणि मधली पण हिच्याच हातची चांगली होतात, ती पण करंल. थोडं जास्त थांबावं लागंल एवढंच. मोठं काम आहे.” ते माझ्याकडे वळले. आवाज तोच, मऊ. “थांबशील ना, वैजू?”

माझी मान निघाली. शप्पथ सांगते, माझं मलाच जाणवलं, ती डाव्या खांद्याकडे निघाली होती. सगळी खोली माझ्या मानेकडे बघत होती. मी ती तिथंच धरली. धरायला जोर लागला, मानेच्या शिरा दुखल्या.

“न्हाई,” मी म्हणाले.

“काय?”

“न्हाई थांबणार. साचीची मुख्य चित्रं मी काढणार. मधली दुसऱ्याला द्या. पडद्यावर माझं नाव पाहिजे, वैजयंता सुतार, पूर्ण. आणि संध्याकाळी सगळ्यांच्या बरोबर घरी जाणार. काम उरलं तर ते सकाळपर्यंत कुठं पळून जात न्हाई.”

मला वाटलं होतं, एवढं बोलले तर छप्पर खाली येईल. तसं काही झालं नाही. गोखलेबाईंना कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्या भाषांतर करत होत्या. आणि नावाच्या ठिकाणी त्यांनी माझं नाव दोनदा, अगदी सावकाश उच्चारलं. हायाशी मॅडमनी ते वहीच्या कोपऱ्यात टिपून घेतलं. मग सरांकडे वळून त्यांनी एक छोटा प्रश्न केला.

“आपल्याला हे मान्य आहे का, असं विचारताहेत,” गोखलेबाई म्हणाल्या.

सरांनी तोंड उघडलं. हो म्हणवेना. नाही म्हणावं तर काम जात होतं, आणि तीस माणसं समोर बसली होती. उघडलेलं तोंड तसंच मिटलं. आणि खर्डेकर सरांची मान हळूहळू या खांद्याकडून त्या खांद्याकडे गेली, आणि परत आली.

हायाशी मॅडम खुर्चीत पुढं सरकल्या. फेट्याखालून त्यांचे डोळे चमकत होते. पडद्यावर बघितलेली गोष्ट प्रत्यक्ष समोर घडताना बघून त्यांना इतका आनंद झाला होता, की त्यांनी गोखलेबाईंचा हातच धरला. त्यांनी काय विचारलं ते भाषांतराशिवायही कळलं. हे हो आहे की नाही?

गोखलेबाईंनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं.

“हो आहे,” मी म्हणाले. “आमच्याकडं याचा दुसरा अर्थच नसतो. सरांनीच सांगितलंय आत्ता.”

मागं कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळी खोलीच हसली. सरही हसले, त्यांना दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. मगदूमकाका कंबर विसरून उठून उभे राहिले आणि “आई ग” म्हणत परत बसले. बसल्या बसल्या म्हणाले, “वैजे, आजवर मयताला लई गेलो. मयत उठून बसलेलं पहिल्यांदा बघितलं.”

ते भाषांतर करायला गोखलेबाईंना बराच वेळ लागला. पण झालं तेव्हा हायाशी मॅडम इतक्या हसल्या की फेटा शेवटी खाली पडला.

संध्याकाळी मी सगळ्यांच्या बरोबर जिना उतरले. बाहेर अजून ऊन होतं. रस्त्यावरची दुकानं, दुकानांच्या पाट्या, पाट्यांवरचे रंग, सगळं मला नवीन वाटत होतं. सहा वर्षं मी त्या रस्त्यानं सकाळी धावतपळत यायचे, आणि परतताना फक्त दिवे बघितले होते. सावकाश, मजेत चालत गल्लीत शिरले, तर शेजारच्या आक्काताई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांचं सूप हातात तसंच राहिलं.

“का ग वैजू, एवढ्या लवकर? बरं न्हाई वाटतं?”

“लई बरं हाय, आक्काताई,” मी म्हणाले, आणि त्यांच्या पायरीवर बसले.